मातीची ओढ

चार फूट उंचीच्या नळीत माती भरा. नळी उभी करून तिचं खालचं टोक पाण्यात ठेवा आणि वरचं तोंड झाका, म्हणजे वाफ होऊन काही उडून जाणार नाही. आता वाट पाहा. एक-दोन दिवस नव्हे, आठवडेच्या आठवडे.

समईच्या वातीत तेल चढावं तसं पाणी मातीतून वर चढू लागतं. आधी भराभर, मग संथ, मग इतकं हळू की चढतंय की नाही हे डोळ्यांना कळू नये. शेवटी ते थांबतं. मग नळीतल्या मातीचे थरावर थर काढायचे, प्रत्येक थर तोलायचा, भट्टीत वाळवायचा आणि पुन्हा तोलायचा. वजनातला फरक म्हणजे त्या थरातलं पाणी. तळाशी माती चिंब निघते आणि वर जावं तसा ओलावा कमी होत जातो. अगदी वरची माती तर हाताला कोरडीच लागते.

इथेच कोडं उभं राहतं. खाली पाणी मुबलक आहे. वर माती तहानलेली दिसते आहे. मधे कुठे अडसर नाही. मग पाणी थांबलं का?

विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला वॉशिंग्टनमध्ये, अमेरिकेच्या शेती खात्याच्या मृदा विभागात, एडगर बकिंगहॅम यांनी मातीचे असे स्तंभ उभे केले होते. गंमत अशी की बकिंगहॅम मातीचे अभ्यासक नव्हतेच. १८६७ साली फिलाडेल्फियात जन्मलेला हा माणूस हार्वर्डमध्ये पदार्थविज्ञान शिकला. पुढे जर्मनीत लाइपझिगला जाऊन विल्हेल्म ओस्टवाल्ड या थोर रसायनशास्त्रज्ञाकडे त्यांनी १८९३ साली डॉक्टरेट मिळवली. १९०० साली त्यांचं उष्मागतिकीवरचं पाठ्यपुस्तक निघालं. १९०२ मध्ये ते मृदा विभागात दाखल झाले, तेव्हा त्यांच्यापाशी शेतीचा अनुभव नव्हता. होती ती उष्णता, दाब आणि ऊर्जा यांचा हिशेब मांडायची सवय. पुढे जे घडलं ते या सवयीमुळे घडलं.

पाणी जमिनीतून कसं वाहतं याचा एक नियम तेव्हा माहीत होता. १८५६ साली फ्रान्समधल्या दिजाँ शहराचे अभियंते आँरी दार्सी यांनी वाळूने भरलेल्या स्तंभातून पाणी सोडून तो काढला होता. दोन टोकांमध्ये पाण्याच्या पातळीतला फरक जितका जास्त, तितकं पाणी जास्त वाहतं. साधा, सरळ आणि आजही विहिरीच्या गणितात रोज वापरला जाणारा नियम. पण दार्सींच्या वाळूतली प्रत्येक पोकळी पाण्याने भरलेली होती. शेतातली माती वर्षातले फार थोडे दिवस तशी असते.

आपल्या शेतकऱ्याकडे या दुसऱ्या अवस्थेसाठी नेमका शब्द आहे: वाफसा. पाऊस थांबून दोन-तीन दिवस झाले, मोठ्या पोकळ्यांतलं पाणी खाली उतरलं, तिथे हवा शिरली, बारीक पोकळ्यांत मात्र पाणी अडून राहिलं. औत घालावं, पेरणी करावी अशी ती माती. विज्ञान तिला असंपृक्त माती म्हणतं. पिकाचं मूळ जगतं ते या मातीत. आणि नेमकं याच मातीतलं पाणी कोणत्या नियमाने चालतं, हे १९०२ साली कुणालाच सांगता येत नव्हतं. मातीत केसासारख्या बारीक नळ्यांचं जाळं आहे आणि पाणी त्यांतून चढतं, अशी समजूत होती. पण त्या सगळ्या नळ्या सारख्याच जाडीच्या असत्या तर पाणी ठरावीक उंचीपर्यंत पूर्ण भरून चढलं असतं आणि त्यावर सगळं कोरडं राहिलं असतं. स्तंभात दिसत होता तो हळूहळू विरत जाणारा ओलावा.

बकिंगहॅम यांनी प्रश्नच बदलला. मातीत पाणी किती आहे, हे त्यांनी क्षणभर बाजूला ठेवलं आणि विचारलं: माती ते पाणी किती जोराने धरून आहे?

उष्णतेचं उदाहरण घ्या. लालबुंद तापलेली सुई कोमट पाण्याच्या बादलीत टाकली तर उष्णता कुठून कुठे जाईल? बादलीत एकूण उष्णता सुईपेक्षा कितीतरी जास्त आहे. तरी ती जाते सुईकडून बादलीकडे, कारण वाहण्याची दिशा तापमान ठरवतं. उष्णतेचा साठा किती, याला तिथे महत्त्व नसतं. बकिंगहॅम यांनी म्हटलं की मातीतल्या पाण्यालाही असंच एक ‘तापमान’ असलं पाहिजे. त्याला त्यांनी नाव दिलं केशिक विभव. आपण त्याला मातीची ओढ म्हणू. पाणी कमी ओढीच्या जागेकडून जास्त ओढीच्या जागेकडे जातं. मग जिथून ते निघालं तिथे टक्क्यांच्या हिशेबाने पाणी कमी असलं तरी चालेल. म्हणून ओलसर वाळूतलं पाणी तिच्याहून जास्त ओलावा असलेल्या चिकणमातीत शिरू शकतं.

आता पुन्हा त्या नळीकडे पाहा. पाणी थांबलं आहे, म्हणजे कुठेतरी हिशेब जुळला आहे. पाण्याच्या पातळीपासून एक फूट वर असलेली माती पाण्याला वर ओढते आहे आणि पाण्याचं वजन त्याला खाली खेचतं आहे; दोन्ही बरोबर सुटले म्हणून पाणी स्थिर आहे. अर्थात तिथल्या मातीची ओढ एक फूट पाण्याच्या स्तंभाइतकी. दोन फुटांवर दोन फुटांइतकी. चार फुटांवर चार फुटांइतकी. वेगळं उपकरण लागतच नाही. उंची हेच ओढीचं माप झालं! प्रत्येक थरातला ओलावा तोलून आधीच मिळाला होता, त्यापुढे त्या थराची उंची लिहिली की किती ओलाव्याला किती ओढ, याची मातीची पत्रिकाच हाती आली. वाळूपासून चिकणमातीपर्यंत निरनिराळ्या मातींच्या अशा पत्रिका बकिंगहॅम यांनी काढल्या. एकाच उंचीवर, म्हणजे एकाच ओढीला, वाळू जवळजवळ रिकामी झालेली होती आणि चिकणमातीने भरपूर पाणी धरून ठेवलं होतं. पुढच्या सगळ्या मृदाभौतिकीचा पाया या पत्रिकांमधल्या वक्ररेषांवर उभा आहे.

दुसरा प्रश्न होता वेगाचा. ओढीत फरक असला म्हणून पाणी वाहील, पण किती वेगाने? इथे बकिंगहॅम यांना दार्सींपासून वेगळं व्हावं लागलं. भरलेल्या वाळूची वहनक्षमता एकच आकडा असते. अर्धवट ओल्या मातीत मात्र पाणी कणांच्या सांध्यांतून आणि कणांवरच्या पातळ पापुद्र्यातून वाट काढतं. माती वाळत जाते तशा आधी मोठ्या वाटा बंद होतात, मग मधल्या, आणि उरतात त्या अरुंद, वाकड्यातिकड्या, तुटक. त्यामुळे वहनक्षमता ओलाव्याबरोबर बदलते, आणि तीही थोडीथोडकी नव्हे. चिंब अवस्थेपासून पीक सुकण्याच्या अवस्थेपर्यंत ती लाखो पटींनी घसरू शकते. ही कल्पना बकिंगहॅम यांनी स्पष्ट मांडली. तिचे भरवशाचे आकडे काढणं मात्र त्यांच्या साधनांच्या आवाक्याबाहेर होतं.

त्यांच्या आणखी एका प्रयोगाचा निकाल चकित करणारा होता. मातीचे काही स्तंभ त्यांनी कोरड्या, रखरखीत हवेत ठेवले आणि काही दमट हवेत. कोरड्या हवेत पाणी जास्त उडून जाणार, हे कुणीही सांगेल. सुरुवातीला झालंही तसंच. पण काही काळाने पारडं फिरलं. कोरड्या हवेतल्या मातीचं पाणी जाणं जवळजवळ थांबलं, आणि अखेर तिचं एकूण नुकसान दमट हवेतल्या मातीपेक्षा कमी भरलं. कारण वरचा थर इतक्या झपाट्याने वाळला की खालच्या पाण्याची वर येण्याची वाटच तुटली. वाळलेली माती स्वतःचं झाकण बनली. आपल्याकडे ‘एक कोळपणी, अर्धं पाणी’ असं म्हणतात. कोळप्याने तण निघतं, काळ्या जमिनीच्या भेगा बुजतात, आणि त्यासोबत वरचा थर सैल होऊन लवकर वाळतो. त्या म्हणीतल्या शहाणपणाचा एक पदर बकिंगहॅम यांच्या नळ्यांमध्ये आकड्यांत उतरला होता.

१९०७ साली हे सगळं काम मृदा विभागाची ३८ क्रमांकाची पत्रिका म्हणून छापून आलं. तोवर बकिंगहॅम विभाग सोडून गेले होते. १९०६ पासून ते राष्ट्रीय मानक संस्थेत होते आणि तिथेच निवृत्तीपर्यंत राहिले. १९१४ साली त्यांनी मांडलेला मितीय विश्लेषणाचा ‘पाय’ सिद्धांत आज अभियांत्रिकीचा प्रत्येक विद्यार्थी शिकतो. मातीकडे ते परत वळले नाहीत. शेतीच्या लोकांना त्या पत्रिकेतलं गणित परकं वाटलं, आणि पदार्थविज्ञानाच्या लोकांना माती हा विषय आपला वाटला नाही. पत्रिका कपाटात पडून राहिली.

ती उघडली युटामधल्या विलर्ड गार्डनर यांनी. लोगन गावच्या कृषी महाविद्यालयात ते पदार्थविज्ञान शिकवत. भोवतालचा मुलूख कोरडा. डोंगरातलं बर्फाचं पाणी पाटाने आणून पिकवलेला. तिथल्या शेतकऱ्याचा रोजचा प्रश्न होता: पाणी केव्हा द्यायचं आणि किती? उत्तरासाठी मातीची ओढ शेतातच मोजता यायला हवी होती. नळीत आठवडेच्या आठवडे वाट पाहणं प्रयोगशाळेत ठीक. उभ्या पिकात ते कसं चालणार?

१९२२ साली गार्डनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाट दाखवली, आणि तिची किल्ली आपल्या स्वयंपाकघरातल्या माठासारख्या वस्तूत होती. चकाकी न दिलेल्या, भाजलेल्या मातीचा छोटा पेला घ्या. माठातून पाणी झिरपतं तसं त्याच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी ये-जा करू शकतं, पण भिजलेल्या छिद्रांतून हवा आत शिरू शकत नाही. पेला पाण्याने काठोकाठ भरून हवाबंद नळीला जोडा, नळीच्या दुसऱ्या टोकाला पारा ठेवा आणि पेला जमिनीत पुरा. भोवतालची माती कोरडी असेल तर ती पेल्यातलं पाणी ओढू लागते. आत हवा येऊ शकत नाही, म्हणून नळीत पोकळी तयार होते आणि पारा वर चढतो. पेल्याची ओढ आणि मातीची ओढ सारखी झाली की पारा थांबतो. तो जिथे थांबला, ती मातीची ओढ. पाऊस आला की पाणी उलट पेल्यात शिरतं आणि पारा उतरतो. जमिनीखाली डोळ्यांआड चाललेली रस्सीखेच पहिल्यांदाच जमिनीवर वाचता येऊ लागली.

गार्डनर यांच्या हाताखाली एक तरुण तयार होत होता. लोरेन्झो रिचर्ड्स, जन्म १९०४, युटामधल्याच फील्डिंग या खेडेगावातला. १९२८ साली त्याने या मोजणीचा उपयोग सविस्तर मांडला. पुढे १९३६ मध्ये गुरुशिष्यांनी मिळून लिहिलेल्या लेखात या उपकरणाला टेन्शिओमीटर म्हटलं गेलं. पण त्याआधी, १९३१ साली, कॉर्नेल विद्यापीठात डॉक्टरेटसाठी केलेल्या कामात रिचर्ड्स यांनी बकिंगहॅम यांचं अधुरं काम पुरं करायला घेतलं होतं.

अर्धवट ओल्या मातीची वहनक्षमता मोजायची कशी? पाणी घातलं की माती ओली होते आणि जे मोजायचं तेच बदलतं. रिचर्ड्स यांनी मातीचा थर दोन सच्छिद्र पट्ट्यांमध्ये दाबून बसवला. दोन्ही पट्ट्यांमागच्या पाण्यावर ओढ लावलेली, फक्त एका बाजूला थोडी कमी आणि दुसऱ्या बाजूला थोडी जास्त. माती त्या ओढीच्या अवस्थेत स्थिर राहते, आणि तेवढ्याशा फरकामुळे एका बाजूने पाणी शिरून दुसऱ्या बाजूने निघतं. निघालेलं पाणी मोजा, ओढीतला फरक मोजा, भागाकार करा. मग दोन्हीकडची ओढ वाढवून माती आणखी कोरडी करा आणि पुन्हा मोजा. ओढ वाढत गेली तशी वहनक्षमता कोसळत गेली, आणि आता ते कोसळणं आकड्यांत दिसत होतं.

याच लेखात त्यांनी बकिंगहॅम यांचा वाहण्याचा नियम आणि ‘शिरलेलं पाणी वजा निघालेलं पाणी म्हणजे साठलेलं पाणी’ हा साधा जमाखर्च एकत्र बांधून एक समीकरण लिहिलं. पाऊस किती मुरेल, किती वाहून जाईल, मुळांना किती मिळेल आणि भूजलापर्यंत किती पोहोचेल, हे सगळं त्या एका ओळीत आहे. जगभर ते रिचर्ड्स समीकरण म्हणून ओळखलं जातं.

पण ती ओळ त्याच्या नऊ वर्षं आधीच दुसऱ्या एकाने लिहिलेली होती. लुइस फ्राय रिचर्डसन हे इंग्रज शास्त्रज्ञ पीटच्या दलदली जमिनीतून पाण्याचा निचरा कसा होतो यावर तरुणपणी काम करत होते. पुढे हवामानाचा अंदाज गणिताने कसा काढता येईल, याचा त्यांना ध्यास लागला. पहिल्या महायुद्धात ते फ्रान्समध्ये रुग्णवाहिका चालवत होते. त्या धामधुमीत त्यांच्या ग्रंथाचं हस्तलिखित हरवलं आणि काही महिन्यांनी बेल्जियममध्ये कोळशाच्या ढिगाखाली सापडलं. १९२२ मध्ये तो ग्रंथ छापला गेला. जमिनीतून हवेत जाणारी वाफ धरल्याशिवाय हवामान पुरं होत नाही, म्हणून त्यात मातीतल्या पाण्याचं समीकरणही होतं. हवामानाच्या ग्रंथात मातीचं समीकरण शोधायला कोण जाणार? कितीतरी दशकांनी अभ्यासकांचं लक्ष तिकडे गेलं. आता काही जण त्या समीकरणाला दोघांचंही नाव देतात, आणि ते न्यायाचं आहे.

समीकरण मिळालं तरी लढाई संपली नव्हती. टेन्शिओमीटरची एक मर्यादा होती. ओढ वातावरणाच्या दाबाच्या सुमारे आठ-दशांशापर्यंत गेली की नळीतल्या पाण्यात बुडबुडे येतात, स्तंभ तुटतो आणि उपकरण मुकं होतं. पीक मात्र त्याच्या कितीतरी पुढे जगत असतं. १९३९ पासून रिचर्ड्स कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइड इथल्या क्षारता प्रयोगशाळेत होते. तिथे त्यांनी प्रश्न उलटा केला. खालून ओढता येत नाही ना? मग वरून दाबा. सच्छिद्र पट्टीवर ओली माती ठेवून बंद भांड्यात वरून हवेचा दाब द्यायचा. त्या दाबाला जेवढं पाणी मातीतून निघून जाईल ते गेलं, उरलं ते त्याहून घट्ट धरलेलं. अशा रीतीने त्यांनी १५ वातावरणांपर्यंत, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या पंधरा पटींपर्यंत, मजल मारली. रोप ज्या ओलाव्याला माना टाकतं आणि पुन्हा सावरत नाही, तो ओलावा साधारण या दाबाशी जुळतो, हे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९४३ मध्ये दाखवलं. १५ वातावरणं म्हणजे सुमारे दीडशे मीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतकी ओढ. एवढ्या ताणाविरुद्ध इवलंसं मूळ पाणी खेचत असतं.

या शोधाने नजर कशी बदलते, त्याचं एक उदाहरण घरातलंच आहे. कुंडीच्या तळाशी निचऱ्यासाठी आपण खडे किंवा विटांचे तुकडे घालतो. वॉशिंग्टन राज्यातल्या वॉल्टर गार्डनर यांनी काचेच्या पेटीत मातीखाली भरड थर घालून पाणी सोडलं आणि त्याचं चित्रण केलं. पाणी बारीक मातीतून उतरत आलं, भरड थराच्या तोंडाशी पोहोचलं आणि अडलं. बारीक मातीची ओढ खड्यांतल्या मोठ्या पोकळ्यांपेक्षा जास्त असते. वरची माती जवळजवळ चिंब होईपर्यंत ती पाणी सोडत नाही. म्हणजे खड्यांच्या थराने निचरा सुधारत नाही, ओल वर सरकते. कुंडीला तळाशी भोक हवं, आणि माती भुसभुशीत हवी.

आज याच समीकरणावर संगणकातली गणितं चालतात. शेतातलं खत आणि कीटकनाशक भूजलात कधी उतरेल, कचऱ्याच्या भरावाखाली विष किती खोल जाईल, डोंगरउतारावरची माती कोणत्या पावसाला सुटेल, हे त्यावरून काढलं जातं. तरी प्रत्येक गणिताला त्या त्या मातीच्या दोन रेषा लागतातच: किती ओलाव्याला किती ओढ, आणि किती ओढीला किती वहन. पहिली रेषा बकिंगहॅम यांनी आखली, दुसरीचे आकडे रिचर्ड्स यांनी मिळवले. बकिंगहॅम १९४० साली वारले. मातीला त्यांनी आयुष्यातली जेमतेम चार वर्षं दिली होती.

पावसाने ओढ दिली, असं आपण म्हणतो, तेव्हा जमिनीखाली मातीची ओढ वाढत असते. भारी काळ्या जमिनीत वजनाने २० टक्के ओलावा असूनही पीक माना टाकू शकतं. वाळूत तेवढाच ओलावा म्हणजे ती जवळजवळ चिंब. टक्का एकच, आणि एक पीक मरतंय तर दुसरं बुडतंय. म्हणून ठिबकची तोटी घड्याळ पाहून सोडणाऱ्या प्रत्येक शेतकरी बांधवाला एक विनंती. मुळांच्या खोलीवर एक टेन्शिओमीटर रोवा आणि आठवडाभर त्याचा काटा रोज सकाळी वाचा. वहीत लिहा. तुमची माती पाणी किती घट्ट धरून आहे, हे ती स्वतः सांगते. पाणी केव्हा द्यायचं ते तिला विचारून ठरवा.